पंचवीस पावलांवर बसवलेली बंदूक

माझी कोकरं मरत होती आणि माझा जावई कर्टिस स्वयंपाकघरातल्या टेबलावर स्क्रू मांडून बसला होता. सहा स्क्रू, एका बशीत. एकेक उचलायचा, खिडकीच्या उजेडात धरायचा, फडक्याने पुसायचा आणि परत बशीत ठेवायचा. लग्नात माझ्या मुलीकडे त्याने इतकं निरखून बघितल्याचं मला आठवत नाही.

टेबलाच्या अर्ध्या भागात माझं पावाचं पीठ होतं आणि उरलेल्या अर्ध्यात त्याची नवी रायफल, साफ करायला उघडलेल्या कोंबडीसारखी. मी विचारलं, आज तरी होईल का. तो म्हणाला, वारा पडला तर. मी म्हटलं, वायोमिंगात वारा पडायची वाट बघणारा माणूस मी जन्मात एकच बघितला, आणि तो नेमका माझ्याच घरात येऊन पडला. तो हसला नाही आणि रागावलाही नाही. त्याचं हेच मला सहन होत नाही. भांडायला गेलं तर हा माणूस हाताला लागतच नाही.

मी इरियार्तांच्या घरची सून. माझे सासरे युरोपातल्या बास्क मुलखातून एक काठी आणि एक कुत्रा घेऊन इथे आले आणि दुसऱ्यांच्या मेंढ्या राखत राखत स्वतःच्या मेंढ्यांचे मालक झाले. माझा नवरा गानिश याच गवतावर मेला. मी शाळेत चौथीपर्यंत गेले, पुढचं सगळं मेंढ्यांनी शिकवलं. त्या वर्षी आमच्याकडे तीनशे चाळीस मेंढ्या उरल्या होत्या. एके काळी दोन हजार होत्या, पण ते रडगाणं इथे नको.

मार्च महिन्यात माझी मुलगी कातालिन माझ्यासमोर खुर्ची ओढून बसली. खुर्ची ओढून बसली की ती काहीतरी ठरवून आलेली असते. म्हणाली, अमा, तू पंचाहत्तरची झालीस. मी शाळेची बस चालवते, कर्टिसचं गावात यंत्रदुरुस्तीचं दुकान आहे, मेंढ्यांकडे बघणार कोण? गेल्या वर्षी कायोटींनी एकतीस कोकरं नेली. यंदा वीसच्या वर गेली, तर ऑक्टोबरात कळप विकायचा आणि गवत शेजारच्यांच्या गाईंना द्यायचं.

मी हो म्हटलं. मला वाटलं, वीस कशाला जातील, दहासुद्धा जायची नाहीत. तोऱ्यात दिलेला असला तरी शब्द तो शब्द, आणि आमच्या घरात दिलेला शब्द कुणी परत मागत नाही. कर्टिस शेजारीच बसला होता. विका म्हणाला नाही की ठेवा म्हणाला नाही. ताटातला बटाटा कापत राहिला.

मेच्या तिसऱ्या आठवड्यात माझा आकडा अठरावर गेला. कातालिनला मी बारा सांगितला होता. उरलेली सहा मी जमीन पोखरणाऱ्या बिज्जूच्या जुन्या बिळात ढकलली होती आणि वर दगड लोटले होते. आयुष्यात मी लेकीशी खोटं बोलले नव्हते. त्या महिन्यात रोज बोलत होते, तेही तिच्या हातात जेवणाचं ताट देताना.

कोकरं नेणारी कायोटींची एकच जोडी होती. कायोटी ही जातच अशी, कोल्ह्याहून मोठी, लांडग्याहून लहान आणि दोघांहून लबाड. मोठ्या कड्याखालच्या घळीत त्यांची पिल्लं असणार, कारण ती कोकरू मारून तिथे खात नव्हती, उचलून नेत होती. आमचा पांढरा राखणीचा कुत्रा हिवाळ्यात म्हातारा होऊन गेला. नवा आणला तो अजून इतका पोर होता की कोकरांबरोबर उड्या मारायचा आणि कायोटी दिसली की शेपूट हलवायचा.

कुणी विचारेल, बाई, तुझ्याकडे बंदूक नव्हती का? होती. गानिशची, बोल्टची. एक गोळी झाडली की बोल्ट वर उचलायचा, मागे ओढायचा, पुढे ढकलायचा, मग दुसरी. चाळीस वर्षं मी तो बोल्ट डोळे मिटून ओढला. पण दोन वर्षांपासून माझ्या बोटांचे सांधे सुजून अक्रोडाएवढे झाले होते. पहिली गोळी सुटायची. दुसरीसाठी बोल्ट उचलायला मला दोन हात लागायचे, बंदूक मांडीवर घ्यावी लागायची, आणि तेवढ्यात कायोटी कड्यापलीकडे. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. हात गेले असं एकदा तोंडाने म्हटलं की मेंढ्या गेल्याच.

आणि एक दिवस कर्टिस आपणहून म्हणाला, सेमी-ऑटोमॅटिक घेऊ. चाप ओढला की गोळी सुटते, पुढचं काडतूस आपोआप नळीत येतं. जोडीने येणाऱ्या जनावराला तीच बरी. मी म्हटलं, घ्या. मला वाटलं, याला नवं यंत्र खोलायला मिळतंय म्हणून याची लाळ गळतेय.

दुकानात मीही गेले. एका दिवसाचं काम होतं, त्याला तीन फेऱ्या लागल्या. दुकानदाराने पहिल्याच दिवशी एक आखूड, काळी, दिवे लावायच्या जागा असलेली बंदूक पुढे केली आणि म्हणाला, सगळे हीच नेतात. कर्टिस म्हणाला, सगळे काय मारतात? दुकानदार म्हणाला, रिकामे डबे. मला तो माणूस आवडला. कर्टिसला डबे मारायचे नव्हते. त्याला वीस इंची, जाड नळी हवी होती, म्हणजे दोन-तीन गोळ्यांनी तापली तरी नेम हलत नाही. बाहेरचं वेष्टण नळीला कुठे टेकायला नको होतं, म्हणजे बंदूक कशावरही टेकवली तरी नळीवर दाब येत नाही.

मग त्याने दुकानदाराकडे साफ करायची कांडी मागितली. तिच्या टोकाला घट्ट चिंधी लावली, नळीत घातली, कांडीवर पेनाने खूण केली आणि हळूहळू ढकलत ती खूण किती इंचांत एक पूर्ण फेरा घेते ते मोजलं. आतल्या खोबणी गोळीला फिरवतात, ते मला माहीत होतं. पण फार फिरवलं तर पातळ कवचाची हलकी गोळी हवेतच फुटते आणि फार कमी फिरवलं तर जड गोळी डोलते, हे मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. एक बंदूक त्याने परत ठेवली. दुसरीही ठेवली. तिसरी नऊ इंचांत एक फेरा घेत होती, ती घेतली. मागे उभा असलेला एक गुराखी मला म्हणाला, तुमचा मुलगा का? मी म्हटलं, जावई, आणि परत घेत असतील तर इथेच ठेवून जाते.

घरी आणल्यावर तर वेडच लागलं. त्याने चाप बदलला. मागचा खटका, जो ओढून पहिलं काडतूस आत घालतात, तो काढून दुप्पट रुंद बसवला. मला वाटलं, नटवतोय. पाच काडतुसांचं छोटं मॅगझिन घेतलं, कारण मोठं जमिनीला टेकतं. दुर्बीण बसवली, काढली, परत बसवली. एकदा मी पीठ मळत असताना मागून येऊन त्याने माझ्या कोपरापासून बोटापर्यंत टेप लावला. मी विचारलं, शवपेटी आतापासूनच करायला घेतलीस का? तो म्हणाला, हात जरा सरळ ठेवा, अमाची. माझी नातवंडं मला अमाची म्हणतात, त्यांचं ऐकून हाही.

शेवटी त्याने ती परसातल्या खडीच्या खड्ड्यात नेऊन पंचवीस पावलांवर नेमाला बसवली. मी म्हटलं, झालं ना? तो म्हणाला, अर्धं झालं. शंभर पावलांवर बघितल्याशिवाय कुणी हात लावायचा नाही. आणि त्याच दिवशी वारा सुटला. तीन दिवस असा वारा, की दोरीवरचे कपडे आडवे. कर्टिस म्हणाला, या वाऱ्यात गोळी कुठे जाते ते बंदुकीचं की वाऱ्याचं, मला कळणार नाही. आणि बसला स्क्रू पुसत.

त्या तीन दिवसांत माझी कोकरं एकामागून एक जात होती. जिचं कोकरू गेलं ती मेंढी दोन दिवस तिथेच उभी राहते. कास भरून दगडासारखी होते, दुसऱ्याचं कोकरू जवळ आलं की ती त्याला हुंगते आणि लाथ मारते. चारही बाजूंनी नुसतं ओरडणं. घरात आले तरी कानात तेच. मी जेवत नव्हते, आणि कातालिनला सांगत होते, दात दुखतात.

चौथ्या दिवशी सकाळी मी उठले आणि वारा पडला होता. कातालिन बस घेऊन गेली होती. कर्टिसने टेबलावर चिठ्ठी ठेवली होती, दुकानातून वाळूच्या पिशव्या घेऊन दहापर्यंत येतो, मग शंभर पावलांवर करू. मी घड्याळ बघितलं. सात वाजले होते. तीन तास. मी मनात म्हटलं, तीन तासांत दोन कोकरं. रायफल उचलली, भरलेलं एक मॅगझिन खिशात टाकलं, गानिशचा जुना ट्रक काढला आणि कड्याकडे गेले. घरापासून नऊ मैल. तिथे फोन लागत नाही.

पोचले तेव्हा उशीरच झाला होता. पाणवठ्याजवळ दोन कोकरं पडलेली, एक अजून कोमट. वीस. मी ट्रकशेजारी उभी राहून मोठ्याने म्हटलं, वीस, जसं कुणी विचारलं होतं.

मान वर केली तर ती दोघं समोर. खालच्या उतारावर, सेजच्या झुडपांतून मेंढ्यांकडे तोंड करून, सावकाश. नर पुढे, मादी मागे. त्यांना माझी भीती नव्हती. ट्रक तर त्यांच्या ओळखीचाच होता.

आम्ही इथली माणसं ट्रकच्या बॉनेटवरूनच नेम धरतो. गानिशने मला तेच शिकवलं, त्याला त्याच्या बापाने. कोट काढायचा, बॉनेटवर टाकायचा, कोटावर बंदूक, श्वास सोडायचा, चाप ओढायचा. मी तसंच केलं. नवा खटका तळव्याने ओढला, लोण्यातून सुरी जावी तसा आला. दुर्बिणीत नर स्वच्छ दिसला, मधे गवताची काडी नाही. मी श्वास सोडला आणि चाप ओढला.

आवाज झाला तो बंदुकीचा नव्हता. पत्र्याचा होता. बॉनेटच्या पलीकडच्या कडेला, जिथे ती जरा उचललेली आहे, तिथे केळं सोलावं तसा पत्रा सोलला गेला होता. जुन्या बंदुकीवर दुर्बीण नळीला चिकटून असते. या बंदुकीवर ती नळीच्या अडीच इंच वर. डोळ्याला जे मोकळं दिसतं ते नळीला मोकळं नसतं, आणि नेम खाली उताराकडे होता. गोळी माझ्याच ट्रकमध्ये गेली होती. मी आत बसून किल्ली फिरवली. काही नाही. उतरून बॉनेट उचललं. बॅटरीचं एक अंग फुटलं होतं आणि आंबट पाणी मातीत गळत होतं.

चाळीस वर्षं. मी शहरातून आलेल्या शिकाऱ्यांना हसलेली बाई. तिथल्या तिथे खाली बसावंसं वाटलं, पण खाली बसायला वेळ नव्हता. आवाजाने जोडी दबली होती, पळाली नव्हती. ट्रकमधून कुणी पाठीशी लागलं नाही हे त्यांना कळलं होतं. मी कोट उचलला, बंदूक घेतली आणि उतरणीवर चालत गेले, जितकं चालवेल तितकं. गुडघे म्हणत होते नको. एका उंचवट्यावर पोटावर पडले, कोटाची गुंडाळी केली आणि नळीपुढे काही नाही ना, ते हाताने चाचपून बघितलं. असं मी जन्मात कधी चाचपलं नव्हतं.

नर मेंढ्यांत शिरला होता. मी दुर्बिणीत डोळा लावेपर्यंत त्याच्या तोंडात कोकरू होतं. मान धरून, मागे मागे ओढत. निळ्या रंगात एकशे बारा लिहिलेलं, त्याच्या आईच्या अंगावर लिहिला होता तोच आकडा. तो आडवा झाला, साधारण एकशे ऐंशी पावलं. मी छातीच्या मधोमध नेम धरला आणि चाप ओढला. त्याच्या पाठीवरून, चार बोटं वर, पलीकडच्या मातीत धूळ उडाली.

बोल्टची बंदूक असती तर ती धूळ मला दिसलीच नसती. मी मान वर करून बोल्टशी झटत असते. इथे गाल जागचा हलला नाही, डोळा दुर्बिणीतच राहिला, आणि पुढचं काडतूस आत येऊन बसलं होतं. धूळ वर, म्हणजे गोळी वर. पंचवीस पावलांवर बसवलेली बंदूक लांबवर वर मारते. कर्टिस हे टेबलावर बसून दोनदा बोलला होता आणि मी दोन्ही वेळा पिठावर हात आपटले होते. नर दचकून थांबला होता. मी त्याच्या गुडघ्यांवर नेम धरला आणि चाप ओढला. तो जागीच बसला, मग कुशीवर पडला.

मादी घळीत गेली. मी दुर्बीण फिरवेपर्यंत तिची शेपूट तेवढी दिसली.

मी उठून गेले. एकशे बारा मेलेलं होतं, डोळे उघडे. त्याची आई मला ढुशी मारायला धावली. माझ्यामुळेच गेलं असं तिला वाटलं असेल, तर ते बरोबरच होतं. पहिली गोळी मी बॉनेटला घातली नसती तर तो तोंड घालायच्या आतच पडला असता. एकवीस. शब्दातली वीसची हद्द ओलांडली होती, आणि ओलांडणारी मीच.

कर्टिस साडेदहाला चारचाकी बाइकवरून आला. ट्रकपाशी थांबला. सोललेल्या पत्र्यावर बोट फिरवलं, बॅटरीकडे बघितलं, मग खाली माझ्याकडे आला. मी तोंडात दोन वाक्यं तयार ठेवली होती, तो काय म्हणेल त्यावर. तो एवढंच म्हणाला, "लागलं नाही ना तुम्हाला?" आणि मग, "किती वर गेली?"

मी हाताने दाखवलं. त्याने मान हलवली. बाइकच्या खोक्यातून खाद्याचं रिकामं पोतं काढलं, मेंढ्यांवर आकडे काढायच्या निळ्या रंगाने त्यावर ठिपका केला, शंभर पावलं मोजत गेला आणि पोतं दोन झुडपांना ताणून बांधलं. वाळूच्या पिशव्या त्याने सोबत आणल्या होत्या. त्या मांडून मला म्हणाला, तीन गोळ्या, घाईने नको.

मी म्हटलं, तू मार, बंदूक तुझी आहे.

तो म्हणाला, "माझ्या हाताला ती आखूड पडते, अमाची. खांद्याला टेकणारा दस्ता तुमच्या हाताच्या मापाचा आहे."

मग मला सगळं एकदम समजलं. टेप. रुंद खटका, जो बोटांनी नाही, तळव्याने ओढता येतो. हलका चाप. बोल्टच नसलेली बंदूक. मी विचारलं, तुला कधीपासून माहीत आहे? तो म्हणाला, गेल्या नोव्हेंबरातल्या थँक्सगिव्हिंगच्या सणापासून, बरणीचं झाकण उघडता येईना म्हणून तुम्ही लोणचं नावडतं केलंत तेव्हापासून. मी विचारलं, कातालिनला सांगितलंस? तो म्हणाला, ते सांगायचं काम माझं नाही. आणि पोत्याकडे बघत, मेलेली कोकरंही मी मोजतो, म्हणाला. रोज. भरलेल्या कासेच्या मेंढ्या दिसतात मला.

मी पिशव्यांवर बंदूक टेकवली. तीन गोळ्या मारल्या. तिन्ही ठिपक्याच्या पाच इंच वर, एका मुठीत मावतील अशा. कर्टिसने दुर्बिणीवरची टोपी काढली आणि आतली चकती टिक-टिक करत पंधरा घरं खाली फिरवली, तोंडाने मोजत. मग आणखी दोन मारल्या. ठिपक्याच्या दीड इंच वर. बस, म्हणाला, आता दोनशे पावलांपर्यंत जिथे बघाल तिथे लागेल. एवढंच काम होतं, अर्ध्या तासाचं, आणि वारा नसताना. खिशात त्याच्याकडे चार काडतुसं उरली.

दुपारी आम्ही घळीच्या तोंडासमोर झुडपांत पडून राहिलो. मादी आत होती. ती नर परत यायची वाट बघत होती आणि आम्ही तिची. तिला सोडली असती तर एकटीने पिल्लं पोसायला तिने रोज दोन कोकरं नेली असती. गानिशने मला हाताच्या पाठीला ओठ लावून हवा आत ओढायला शिकवलं होतं. कायोटीचं पिल्लू पायाखाली चेंगरल्यासारखा आवाज येतो. मी तो काढला. दोनदाच.

ती धावत आली. लपत नाही, वारा हुंगत नाही, सरळ. पोटाखाली दुधाचे सड हलत होते. माझ्या कानात चार दिवस ज्या मेंढ्या ओरडत होत्या, त्यांच्यापेक्षा ती काही वेगळी नव्हती. नव्वद पावलांवर ती थांबली आणि आमच्याकडे बघितलं. मी जिथे बघितलं तिथे गोळी लागली. एकच.

मी बंदूक खाली ठेवली आणि उठता येईना. कर्टिसने मला उठवलं नाही. तो बाइककडे गेला, फावडं काढलं आणि घळीत उतरला. पिल्लांना आता दूध पाजणारं कुणी नव्हतं. दोन-तीन दिवस उपाशी ओरडत ठेवणं हे जास्त वाईट, ते आम्हा दोघांना माहीत होतं. आजवर हे काम आमच्याकडे गानिशने केलं, त्याच्यानंतर मी. हा माणूस उंदीर सापडला तर पिंजरा उघडून कुंपणाबाहेर सोडून येतो. मी त्याला हाक मारली नाही. पाऊण तासाने वर आला तेव्हा त्याच्या कोपरांना माती होती, चेहरा पांढराफटक होता आणि डोळे माझ्याकडे नव्हते. तो फावडं गवताने पुसत राहिला, पुसून झालं तरी.

संध्याकाळी कातालिन बस लावून आत आली. अंगणात बाइक होती, ट्रक नव्हता. तिने आधी नवऱ्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. खुर्ची ओढली आणि बसली. म्हणाली, अमा, किती?

मी म्हणू शकले असते, पंधरा. कर्टिस गप्प बसला असता, ते मला आता पक्कं माहीत होतं. मी म्हटलं, एकवीस. रोज खोटं सांगत होते तेही सांगितलं. बिज्जूचं बीळ सांगितलं. हात पुढे करून बोटं दाखवली. बॉनेटचं शेवटी सांगितलं.

कातालिनने माझी बोटं एकेक करून बघितली. मग म्हणाली, "जोडी गेली, बरं झालं. पण अमा, एकवीस म्हणजे एकवीस. आणि तुझे हात हे असे. पुढच्या वर्षी दुसरी जोडी येईल, मग?"

तिचं म्हणणं खोटं नव्हतं.

तेव्हा कर्टिस बोलला. लग्नाला चौदा वर्षं झाली, या टेबलावर मेंढ्यांबद्दल तो पहिल्यांदा बोलला. "एकविसावं माझं," तो म्हणाला. "मी वाऱ्याला घाबरून तीन दिवस बसून राहिलो. कशीतरी शंभर पावलांवर बसवून दिली असती तर आज ते वाचलं असतं. ते अमाचींच्या आकड्यात धरू नकोस." आणि मग खाली मान घालून, "दुकान मी दुपारनंतर बंद ठेवू शकतो. वसंतात तर पूर्ण दिवस."

कातालिन त्याच्याकडे बघत राहिली, जसा कुणी परका माणूस घरात येऊन बसलाय. मग तिने मान माझ्याकडे वळवली. मला कळत होतं माझ्याकडून काय मागितलं जातंय. मेंढ्या राहायच्या असतील तर माझ्या म्हणून राहणार नव्हत्या. सासऱ्यांनी गानिशला दिल्या, गानिशने त्या माझ्यासाठी ठेवल्या, आणि मला वाटत होतं की मी मरेपर्यंत त्या माझ्या हाताखालून जाणार नाहीत. मी माझ्या हातांकडे बघितलं. मग कर्टिसकडे.

"कर्टिस, तुझ्याइतका रेंगाळणारा माणूस मी बघितला नाही, आणि तुला खोटंही नीट बोलता येत नाही," मी म्हटलं. "वाऱ्यात तू थांबलास ते बरोबर होतं. घाई मी केली, एकविसावं माझं आहे आणि ते माझंच राहील. पण कळप उद्यापासून तुझा. तू तो माझ्यापेक्षा बरा सांभाळशील, आणि हे मी परत कधी म्हणणार नाही."